फाटलेल्या आवाजाची गोष्ट

गणपतीत मंडळाचा कर्णा चरचरायला लागला की आपण म्हणतो, "स्पीकर फाटलाय". मग कुणी कार्यकर्ता धावत जाऊन आवाज कमी करतो. ऑडिओवाल्या इंजिनिअरांचं तर अख्खं आयुष्य हा फाटका आवाज घालवण्यात जातं. आणि गिटारवाले? ते तोच आवाज काढणारी डबी पैसे मोजून पायाशी ठेवतात! सध्या शनिवार-रविवारी मी अशी एक डबी व्हेरोबोर्डवर बनवतोय, त्यामुळे ही उलटापालट कशी झाली ते डोक्यात घोळतंय.

सुरुवात अपघातांनी झाली. १९५१ साली 'रॉकेट ८८' च्या रेकॉर्डिंगसाठी आयक टर्नरची मंडळी मेम्फिसला निघाली आणि वाटेत गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सने स्पीकरच्या कोनात कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्डिंग केलं. १९५८ मध्ये लिंक रे ने स्पीकरला भोकं पाडली. १९६४ मध्ये 'किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तर सरळ ब्लेड मारलं. पण हे सगळे एकदाच करायचे उद्योग. फाडलेला स्पीकर परत शिवता येत नाही, आणि दुसरा फाडला तर तो तसाच वाजेल याची खात्री नाही. आमच्या हापिसच्या भाषेत, बग रिप्रोड्यूस होत नाही.

तो रिप्रोड्यूस केला नॅशव्हिलच्या ग्लेन स्नॉडीने. मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे अगदी सोज्वळ गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि मिक्सिंग कन्सोलच्या त्या चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच बिघडला. मधला तुकडा मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आला. तो त्यांनी तसाच ठेवला, आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. मग दुसरे कलाकारही तोच आवाज मागायला लागले.

इथवर नशिबाचा भाग. पुढे स्नॉडीने जे केलं ते मला फार आवडतं. नक्की काय बिघडलंय, याचा त्याने छडा लावला आणि रेव्हिस हॉब्स या सहकाऱ्याबरोबर तोच बिघाड ट्रान्झिस्टरमधून मुद्दाम तयार केला. हे सर्किट गिब्सन कंपनीने घेतलं आणि १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' बाजारात आलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे दोन सेल.

गंमत म्हणजे कंपनीलाच आपण काय विकतोय ते कळलं नव्हतं. जाहिरात काय, तर यातून गिटार ट्रम्पेटसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल वगैरे! पहिल्या वर्षी दुकानदारांनी माल भरला, पण तो तसाच पडून राहिला. मग १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची धून त्यावर वाजवली. तीही कच्ची म्हणून. तिथे पुढे ब्रास घालायचं त्याच्या डोक्यात होतं. बाकीच्यांनी ऐकलं नाही, कच्चीच धून बाहेर आली आणि वर्षअखेरीपर्यंत पडून असलेला माल संपला.

आत होतं काय, तर ट्रान्झिस्टरला बॅटरीच्या व्होल्टेजपलीकडे जाता येत नाही. सिग्नल फार मोठा झाला की लाटेचा माथा छताला आपटून सपाट होतो आणि मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात येतात. (आपल्याकडे मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात, तीही वरच्या स्वरांसाठीच. तिथे तार घोडीला निसटती घासते, म्हणजे यंत्रणा वेगळी. पण त्या झणझणाटाला आपण कधी बिघाड म्हटलं नाही!)

मी बनवतोय ते १९६६ च्या ब्रिटिश 'फझ फेस'चं सर्किट. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. संपलं! म्हणूनच ते व्हेरोबोर्डवर बसतं. तांब्याच्या समांतर पट्ट्या, दर २.५४ मिलिमीटरवर भोक, आणि जिथे जोड नको तिथे ड्रिलचं पातं हाताने फिरवून पट्टी तोडायची. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला घेताना पट्ट्यांचाच बोर्ड बघून घ्या. सुट्या ठिपक्यांचा घेतलात तर प्रत्येक जोड स्वतः ओढावा लागेल.

ट्रान्झिस्टर मी जर्मेनियमचे, एसी १२८ घेतलेत. आपल्या जुन्या रेडिओंत असायचे तेच. ते पीएनपी असल्याने बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जातं, म्हणून बाकीच्या पेडलांच्या ॲडॅप्टरवर हे चालवू नका. स्वतंत्र नऊ व्होल्टची बॅटरीच लावा. दुसरं म्हणजे, जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. लंडनच्या हवेत जुळवलेलं सर्किट पुण्याच्या मे महिन्यात घुसमटणारच. म्हणून ८.२ के च्या रेझिस्टरऐवजी मी २० के चा प्रीसेट बसवलाय. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावायचा आणि उणे साडेचार व्होल्ट येईपर्यंत स्क्रूड्रायव्हरने तो फिरवायचा. उन्हाळ्यात एकदा, थंडीत परत एकदा.