दर वर्षी नवी लस कशाला?

बचत गटाच्या बैठकीत आपल्यापैकी अनेकींनी हा प्रश्न ऐकला असेल: "कोरोनाच्या दोन लशी घेतल्या, कुणी तिसरीही घेतली. परदेशात म्हणे दर वर्षी नवी लस निघते. मग आधीची काय खोटी होती?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागेल.

आपल्याकडची पहिली लस देवीची. इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टरांनी ती शोधली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तेव्हा फ्रीज नव्हता, बाटल्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडावर टोचायचा, अशी ती लस दंडादंडावरून बगदाद, बसरामार्गे मुंबईला पोचली आणि ॲनाच्या दंडावरून पुढे देशभर गेली. हिंदुस्थानातल्या लसीकरणाची सुरुवात अशी एका लहान मुलीपासून झाली.

जेन्नर यांना वाटलं होतं, एकदा टोचलं की जन्माची काळजी मिटली. पण लहानपणी टोचलेल्यांना मोठेपणी देवी येऊ लागल्या. शरीर हळूहळू विसरतं, हे तेव्हा कळलं. म्हणून जर्मनीने 1874 साली कायदाच केला, की तान्हेपणी एकदा आणि बाराव्या वर्षी पुन्हा टोचून घ्यायचं. आपल्या घरातल्या आज्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत, काहींच्या तर दोन-तीन. त्याच चिकाटीमुळे 1980 साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीचा विषाणू रूप फारसं बदलत नव्हता, त्यामुळे तीच लस पुन्हा देऊन भागलं.

पुढे प्लेग आला. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. लस निघाली होती, पण माणसांपर्यंत पोचली नव्हती. लस निघणं आणि ती वेळेवर दंडात जाणं यात केवढं अंतर असतं, हे आपण सावित्रीच्या लेकींनी तरी विसरू नये.

1918 साली आली मानमोडी, म्हणजेच इन्फ्लुएंझा. जून महिन्यात मुंबईत सुरू झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गावोगाव पसरली. पावसानेही त्या वर्षी दगा दिला होता. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात तरणीताठी जास्त, आणि त्यातही बायका. बाई आजाऱ्याच्या उशाशी बसते आणि स्वतः उपाशी राहते, ही गोष्ट तेव्हाही तशीच होती. मानमोडी कशाने होते हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. माणसातला तिचा विषाणू सापडला तो 1933 साली.

त्यावरची लस अमेरिकेत 1945 साली आली, आणि इथेच आपल्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. 1947 च्या साथीत ती लस जवळजवळ निकामी ठरली. लस बिघडलेली नव्हती, विषाणूने रूप बदललं होतं. लस म्हणजे शरीराला दाखवलेला चोराचा फोटो. चोराने मिशा काढल्या, डोईला पटका बांधला, तर जुन्या फोटोवरून तो चटकन ओळखू येत नाही. मग नवा फोटो द्यावा लागतो.

तेव्हापासून फोटो बदलायची रीतच पडली. 1952 साली जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशी फ्लूवर पाळत ठेवायला प्रयोगशाळांचं जाळं उभारलं. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधनाची संस्था सुरू झाली. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. आता वर्षातून दोनदा जाणकार बसतात आणि येत्या हंगामाच्या फ्लूच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात.

कोरोनाचंही तेच झालं. आपल्याकडे 16 जानेवारी 2021 पासून जी लस मिळाली, तिच्यात सुरुवातीच्या विषाणूचा फोटो होता. तिने असंख्य जीव वाचवले. नंतर डेल्टा आला, मग ओमिक्रॉन. 2022 पासून इंग्लंड-अमेरिकेत बदललेल्या रूपाच्या लशी निघू लागल्या. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीनेही जून 2023 मध्ये ओमिक्रॉनवरची लस आणली. ती सुईशिवाय, कातडीत दिली जाते आणि साध्या फ्रीजच्या थंडाव्यात टिकते.

म्हणजे आधीची लस खोटी नव्हती. शरीर विसरतं आणि विषाणू वेष पालटतो, ही दोन्ही कारणं एकत्र आली की लस नवी करावी लागते.

मग आता प्रत्येकीने धावत सुटायचं का? नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पुन्हा लस देताना आधी म्हातारी माणसं, मधुमेह-हृदयविकारासारखे जुने आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर बायका आणि आरोग्य कर्मचारी यांचा विचार करावा. आपल्या घरात यांतलं कोण आहे ते आठवा. पुढच्या वेळी आशाताई किंवा नर्सताई आल्या की त्यांना, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना थेट विचारा: आमच्या सासूबाईंना कोरोनाची नवी लस लागेल का? फ्लूची लागेल का? आपल्या भागात ती कुठे मिळते, फुकट की पैसे पडतात? जुनी लसीकरणाची कार्डं सोबत ठेवा.

आणि सासूबाईंचं विचारताना आपलंही विचारा. आपला बीपी, आपली साखर आपण शेवटच्या रांगेत ठेवतो. मानमोडीत आजाऱ्यांच्या उशाशी बसून गेलेल्या बायांना विचारायलाही कुणी नव्हतं. आपल्याला आहे.