कॉर्न स्नेक : रंगांची आनुवंशिकता

कॉर्न स्नेक (शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटॅटस) हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. नारिंगी-तपकिरी अंगावर काळ्या कडांचे लाल ठिपके, शांत स्वभाव आणि एका वेळी साधारण १० ते ३० अंडी, यांमुळे पैदास करणाऱ्यांत तो लोकप्रिय आहे. आनुवंशिकतेची ओळख करून घ्यायलाही तो सोयीचा. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात काळे रंगद्रव्य (मेलॅनिन) नसलेला एक नर रानात सापडला. त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून पैदास केली. पहिल्या पिढीतली पिल्ले नेहमीच्या रंगाची निघाली. पुढच्या पिढीत, १९६१ मध्ये, मेलॅनिनविरहित पिल्ले जन्मली. या रंगप्रकाराला पैदासकार ‘अमेल’ म्हणतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. अमेलचा दोष अप्रभावी आहे : दोन्ही प्रती सदोष असतील तरच रंग बदलतो. एकच सदोष असेल तर साप नेहमीसारखा दिसतो, पण तो दोष पुढे देऊ शकतो. अशा वाहकाला ‘हेट’ (विषमयुग्मजी) म्हणतात. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांना अमेल सापांच्या ओसीए-२ या जनुकात एक परका डीएनए-तुकडा घुसलेला आढळला.

अमेल आणि शुद्ध नेहमीचा साप यांची सगळी पिल्ले हेट होतात. हेट आणि अमेल यांच्या संकरात प्रत्येक पिल्लू अमेल असण्याची शक्यता निम्मी, तर दोन हेटांच्या संकरात पाव. नवशिका इथेच फसतो. पाव शक्यता ही प्रत्येक अंड्याची स्वतंत्र असते. १२ अंड्यांत तीन अमेल मिळतीलच असे नाही. १२ पैकी एकही अमेल न निघण्याची शक्यता सुमारे ३ टक्के आहे. म्हणजे एका विणीवरून ‘हा साप हेट नव्हताच’ असा निर्णय देणे घाईचे ठरते.

दोन हेटांच्या नेहमीच्या रंगाच्या पिल्लांवर ‘६६ टक्के हेट’ अशी पाटी लावतात. हा आकडा त्या सापातल्या जनुकाचे प्रमाण सांगत नाही. चार शक्यतांपैकी अमेलची एक वगळली की उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या, म्हणून ६६. प्रत्यक्षात साप एक तर पूर्ण हेट असतो, नाही तर मुळीच नसतो. खात्रीसाठी त्याची जोडी अमेलशी लावावी. एक जरी अमेल पिल्लू निघाले तरी हेट सिद्ध झाला. दहाही पिल्ले नेहमीची निघाली, तर तो हेट नसल्याचे जवळजवळ निश्चित. हेटाकडून असे घडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. विक्रेत्याने आईबापांच्या नोंदी दाखवल्या नाहीत, तर पाटीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

दोन वेगळी जनुके असली की हिशेब लांबतो. लाल रंगद्रव्य नसलेल्या करड्या ‘अॅनेरी’ची अमेलशी जोडी लावली, तर सगळी पिल्ले नेहमीची दिसतात, कारण प्रत्येकात दोन्ही दोष एकेकच असतात. त्यांच्यातच पुढे संकर केला, तर दोन्ही रंगद्रव्ये हरवलेला, गुलाबीसर पांढरा ‘स्नो’ सरासरी १६ मध्ये एक मिळतो. १६ अंड्यांत एकही स्नो नसण्याची शक्यता तरीही ३६ टक्के उरते. हे सारे धीराचे काम आहे.

सगळे दोष अप्रभावी नसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बॉल पायथनमध्ये ‘पास्टेल’चे एकच जनुक रंग उजळवते आणि दोन मिळाली तर ‘सुपर पास्टेल’ होतो. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. त्याच जातीतला ‘स्पायडर’ हा प्रभावी नक्षीप्रकार मात्र तोल जाण्याच्या व्याधीसह येतो : डोके डुलते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. निवडक संकर करून ही व्याधी नक्षीपासून वेगळी करता आलेली नाही. विक्रीत उठाव असला तरी स्पायडरची पैदास करू नये.

भारतातील देशी सापांवर हे प्रयोग करता येत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पकडणे व पाळणे बेकायदेशीर आहे.