कोच बदलला, पण क्लब गेला

मी इंदुरीतून बोलतोय. आमच्या गावात इतिहास म्हटलं की बोट थेट दाभाड्यांच्या किल्ल्याकडे जातं. पण आजची गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची नाही. ती २०१८ सालची आहे आणि घडली इथून जवळच, बालेवाडीत.

एफसी पुणे सिटी आठवतोय? नारंगी जर्सी, ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारे फॅन्स, आणि हृतिक रोशन सहमालक.

२०१७-१८ च्या आयएसएलमध्ये हा संघ भारी खेळला होता. कोच होते सर्बियाचे रांको पोपोविच, पुढे अल्फारो आणि मार्सेलिन्हो ही जोडी. संघ चौथा आला, पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचला. तिथे बंगळुरूच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली आणि विषय संपला. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू.

पण पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच गडबड झाली. पोपोविच गेले. मग ब्राझीलचे मार्कोस पाकेता आले, तेही एकही लीग सामना न खेळवता गेले. शेवटी सप्टेंबरमध्ये स्पेनचे मिगेल अँजेल पोर्तुगाल यांच्या हातात संघ दिला. आता विचार करा, नव्या कोचला खेळाडूंची नावं पाठ व्हायला तरी किती वेळ मिळाला असेल?

२२ ऑक्टोबरला बालेवाडीत पुन्हा बंगळुरू. मी मित्राच्या गाडीवर मागे बसून गेलो होतो. ३-० ने हरलो, त्यातले दोन गोल पुन्हा छेत्रीचेच. देहूरोडपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. त्याच आठवड्यात पोर्तुगाल यांना नारळ मिळाला. किती सामन्यांनंतर? फक्त तीन!

मग क्लबसोबत आधीपासून असलेले प्रद्युम रेड्डी यांनी तात्पुरती सूत्रं घेतली. पहिला विजय मिळायला नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडला. आशिया कपसाठी लीग थांबली, तोपर्यंत इंग्लंडचे फिल ब्राऊन यांची नेमणूक झाली होती. हे तेच ब्राऊन, ज्यांनी हल सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेलं आणि २००८ मध्ये एकदा हाफटाइमला खेळाडूंना मैदानावरच बसवून सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यांच्या हाताखाली पुणे सावरलं. १८ सामने, ६ विजय, ४ बरोबरी, ८ पराभव, २२ गुण, सातवा नंबर. इतक्या उलथापालथीनंतर हे वाईट नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐका. आम्ही सगळे कोचच्या खुर्चीकडे बघत होतो, आणि पाया भलतीकडेच खचत होता. क्लब वाधवान समूहाचा. त्याच घराण्याच्या डीएचएफएल कंपनीचा शेअर २१ सप्टेंबर २०१८ ला एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला. म्हणजे पोर्तुगाल यांना काढायच्या महिनाभर आधी. जून २०१९ मध्ये तर कंपनीने देणी थकवली. त्याच वर्षी क्लब बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

ब्राऊन हैदराबादला गेले, मार्सेलिन्हो आणि आदिल खानही गेले. आणि जानेवारी २०२० मध्ये तिथेही ब्राऊन यांना हंगामाच्या मध्येच काढलं. पुढे मानोलो मार्केझ आले. त्यांना मात्र वेळ दिला गेला, आणि २०२२ मध्ये हैदराबाद आयएसएल चॅम्पियन झालं.

मला विचाराल तर कोच बदलणं हा मालकांसाठी सगळ्यात सोपा उपाय असतो. बातमी होते, फॅन्सचा राग थोडा उतरतो. पण पैशाची घडी विस्कटलेली असेल तर कुठलाच कोच ती बसवू शकत नाही. पुण्याने हे एकदाच पाहिलं नाही. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला होता, तो क्लब गेला. भारत एफसी एकाच हंगामात आटोपला. डीएसके शिवाजीयन्सही गेला.

आमच्या किल्ल्याचे बुरूज अजून उभे आहेत, निदान दाखवता तरी येतात. माझ्याकडे त्या हंगामातली एक नारंगी जर्सी आहे. परवा धाकट्या भावाने ती घालून विचारलं, “दादा, ही कुठली टीम रे?”

म्हणून हा एपिसोड. भेटू पुढच्या भागात.