भयपट आणि पिटातला प्रेक्षक

इ. स. १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या नावाचा एक हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत पडला. त्याचे दिग्दर्शक होते ‘रणांगण’कर्ते विश्राम बेडेकर. भूमिकांत पृथ्वीराज कपूर आणि मुमताज यांच्यासारखी नावे होती. निर्माते होते फत्तेचंद रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. तेथील गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ हे नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले आणि मुंबईस आल्यावर तेच नाव चित्रपटांच्या जाहिरातींवर झळकू लागले.

चित्रपट पडल्याने वडील चिंतेत असताना त्यांचे पुत्र तुलसी आणि श्याम चित्रपटगृहात जाऊन बसत आणि पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे पाहत. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी, की एरवी सुस्तावलेले प्रेक्षक एका प्रसंगी एकदम सावरून बसत. त्या प्रसंगात पृथ्वीराज अक्राळविक्राळ मुखवटा धारण करून चोरी करावयास येतात. काही प्रेक्षक तर तेवढा प्रसंग पाहण्यासाठीच येत आणि तो संपला की उठून जात. मुलांनी वडिलांना सांगितले, की लोकांना हवे आहे ते हे भय. मग संपूर्ण चित्रपटच भयाचा का काढू नये? हिंदी चित्रसृष्टीतील स्वस्त भयपटांची परंपरा येथून सुरू झाली. कोणा पंडिताच्या सिद्धान्ताशी तिचा संबंध नव्हता. पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या सर्वांत स्वस्त जागेवरच्या, प्रेक्षकाने दिलेल्या अबोल अभिप्रायातून ती जन्मास आली.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९७० रोजी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने याच प्रेक्षकाविषयी एक महत्त्वाचा निर्णय दिला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील वैभव व दारिद्र्य शेजारी शेजारी दाखविणारा एक लघुपट काढला होता. तो लहानथोर सर्वांस दाखविण्यास योग्य आहे की केवळ प्रौढांस, एवढ्यावरून वाद उपस्थित झाला. अब्बास यांनी पूर्वतपासणीच्या तत्त्वालाच आव्हान दिले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ते आव्हान मान्य केले नाही. चलच्चित्र हे छापील शब्दापेक्षा मनास अधिक वेगाने आणि अधिक खोलवर भिडते, म्हणून त्याची पूर्वतपासणी घटनेच्या चौकटीत बसते, असे त्यांनी ठरविले. परंतु त्याच निकालपत्रात त्यांनी तपासनिसांना एक इशाराही दिला. समाजातील सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत विकृत मनाच्या माणसाला जपण्यासाठी निरोगी मनाच्या माणसाने काय पाहू नये हे ठरवू लागलो, तर आपले मापच चुकेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता.

अशा रीतीने एकाच वर्षी प्रेक्षकाची दोन चित्रे उभी राहिली. एक मुंबईच्या अंधाऱ्या चित्रपटगृहात प्रत्यक्ष बसलेले, आणि दुसरे दिल्लीच्या कागदपत्रांत कल्पनेने रेखाटलेले. या दोहोंमधील अंतर हाच आपल्याकडील भयपटांच्या आणि हिंसापटांच्या इतिहासाचा खरा विषय आहे.

हे अंतर स्वातंत्र्यानंतर पडले असे मात्र नाही. १९१८ च्या कायद्याने चित्रपटांची तपासणी सुरू झाली, तेव्हा परदेशी राज्यकर्त्यांना मुख्य काळजी होती ती आपल्या प्रतिष्ठेची. अमेरिकन मालिकापटांतील दरोडे, मारामाऱ्या आणि पाठलाग पाहून ‘नेटिव’ प्रेक्षक बिघडेल, गोऱ्या माणसाविषयीचा त्याचा आदर ओसरेल, अशी ओरड इंग्लंडात होऊ लागली. तेव्हा १९२७ साली सरकारने दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. समितीने देशभर प्रवास करून ३५३ साक्षी नोंदविल्या. त्यांपैकी २३९ साक्षीदार भारतीय होते. दादासाहेब फाळके यांचीही साक्ष झाली. लाहोरास लाला लजपत राय यांनी समितीपुढे जो विचार मांडला तो आजही मननीय आहे. या देशातील तरुणांना पाळणाघरातल्या मुलांप्रमाणे वाढवू नये. जगातील बऱ्यावाइटाची ओळख असली तरच त्याला तोंड देण्याचे बळ येते, असे त्यांचे म्हणणे होते. पाश्चात्त्य चित्रपटांविषयीची ती ओरड बव्हंशी निराधार आहे, असाच निष्कर्ष समितीनेही १९२८ च्या अहवालात काढला.

तरीही या प्रचंड दप्तरातील एक उणीव लपत नाही. साक्षीस आले ते वकील, संपादक, शिक्षक, अधिकारी, चित्रव्यवसायी आणि समाजसेवक. मालिकापटांतील मारामारी पाहून शिट्ट्या घालणारा गिरणीकामगार किंवा टांगेवाला कसा वागतो, काय शिकतो, कशाला भितो, हे या सर्वांनी सांगितले; त्याला स्वतःला मात्र क्वचितच कोणी विचारले. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला, नवा कायदा १९५२ मध्ये झाला आणि न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीचा अहवाल १९६९ मध्ये आला. खोसला समितीत आर. के. नारायण, बलराज साहनी, नर्गिस आणि स्वतः अब्बास अशी जाणती माणसे होती. तपासणी मंडळ सरकारच्या हाताखाली नसावे, ही तिची शिफारस मूलगामी होती. पण कथेस आवश्यक असल्यास चुंबनदृश्य चालावे, या एका वाक्याभोवतीच सार्वजनिक चर्चा फिरत राहिली आणि मुख्य मुद्दा बाजूस पडला.

इकडे रामसे बंधूंचा कारखाना सुरू झाला होता. ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा भयपट १९७२ मध्ये आला. त्याचे चित्रण महाबळेश्वरास झाले. सारे कुटुंब आणि मोजके नट बसमधून तेथे गेले. घरातील स्त्रिया स्वयंपाक करीत. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. कुमार लेखन करीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनिमुद्रण पाहत, अर्जुन संकलन करीत, आणि दिग्दर्शन तुलसी व श्याम यांच्याकडे असे. सारा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असे ते सांगत. पुढे कोकणात मुरूडच्या नवाबाचा समुद्रकाठचा राजवाडाही त्यांच्या काही चित्रपटांत झपाटलेल्या हवेलीच्या रूपाने अवतरला. नामांकित तारे नसल्याने पैसा वाचे, आणि तारे नसल्यानेच कोणते पात्र केव्हा मारले जाईल याचा अंदाज प्रेक्षकास येत नसे. जी गरिबी होती तीच अशा रीतीने कथेच्या उपयोगी पडली.

ही युक्ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत १९६० साली हिचकॉक यांनी ‘सायको’ काढला तो दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांना घेऊन, बेताच्या खर्चात, आणि नायिका वाटणाऱ्या स्त्रीचा खून मध्यावर येण्याआधीच घडवून. कित्येक समीक्षकांनी नाके मुरडली. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. पुढे तीच समीक्षा बदलली. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ सुमारे तीन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने कोट्यवधी डॉलर मिळविले. मुखवटाधारी मारेकरी, हातात सुरा, एकामागून एक पडणारे बळी आणि शेवटी उरणारी एकटी तरुणी, असा जो साचा त्याने रूढ केला त्यास तिकडे ‘स्लॅशर’ हे नाव पडले.

रामसे बंधूंनी या साच्यातील सुरा घेतला, पण तो देशी मातीत रोवला. त्यांचा मारेकरी बहुधा पूर्वजन्मीचा सैतान असतो. कोणा जमीनदाराच्या किंवा राजाच्या पापाचा शाप त्याच्या वंशाला भोवतो आणि शेवटी त्रिशूळ किंवा देवतेची मूर्ती त्या सैतानाचा नाश करते. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ हा या पद्धतीचा कळस होय. अनिरुद्ध अगरवाल यांनी उभा केलेला धिप्पाड ‘सामरी’ एका पिढीच्या स्वप्नांत येत असे. मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांनी या चित्रपटांची दखल घेतली तर ती चेष्टेच्या सुरात. छोट्या गावांतील चित्रपटगृहे मात्र त्यांनी भरत. तेथील प्रेक्षकाचा अभिप्राय गुंतागुंतीचा होता. तो किंचाळे, आणि किंचाळून झाल्यावर हसे. मुखवट्याचे रबर त्याला दिसत असे. तरी दिवे मालवल्यावर दार करकरले की तो शेजाऱ्याचा हात धरी. फसविले जाण्याचे सुख त्याने राजीखुशीने विकत घेतले होते. कीर्तनातल्या आख्यानात आणि दशावतारातल्या राक्षसाच्या प्रवेशात पूर्वी जे मिळे, तेच त्याला येथे मिळत होते. या चित्रपटांत स्त्रीदेहाचे सवंग प्रदर्शन पुष्कळ असे आणि विनोदही हिणकस असे, हे नाकारता येणार नाही. परंतु तो प्रेक्षक हिंसा शिकण्यासाठी येतो, हा आरोप त्याच्या हसण्याची दखलच घेत नव्हता.

दिल्लीने त्याची दखल कितपत घेतली? आणीबाणीत, १९७५ साली, ‘शोले’च्या शेवटी ठाकूर गब्बरला आपल्या पायांनी ठार मारतो हे दृश्य बदलावे लागले आणि तेथे पोलीस आणले गेले. कायदा हाती घेणारा नायक पाहून प्रेक्षकही कायदा हाती घेईल, असा तर्क त्यामागे होता. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची ती कथा कोट्यवधी लोकांनी पाहिली, पण मूळ शेवट त्यांच्यापासून अनेक वर्षे दूर ठेवला गेला. पुढे १९८३ मध्ये ‘तपासणी’ जाऊन मंडळाच्या नावात ‘प्रमाणन’ हा शब्द आला. अब्बास यांच्या खटल्यात ज्याची चर्चा झाली होती ते अपील न्यायाधिकरणही दिल्लीत त्याच वर्षी स्थापन झाले. शब्द बदलला म्हणून दृष्टी लगेच बदलते असे नाही. पण सरकारी व्यवहारात शब्दाचेही मोल असते.

दृष्टी बदलण्याचे खरे साधन निघाले ते नागपुराहून. इंग्रजी अमलाच्या अखेरीस नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी छापील मजकुराच्या एका खटल्यात असे म्हटले होते, की शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर आणि धीट माणसाचे माप लावावे. ज्याला पावलोपावली धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसाचे लावू नये. १९८८ मध्ये ‘तमस’ ही फाळणीच्या हिंसेवरील मालिका दूरदर्शनवर चालू असताना ती बंद पाडण्यासाठी खटले झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहिली आणि तिच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरण दिल्लीस गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बोस यांचेच माप उचलून धरले. ‘तमस’ आणि ‘पुराना मंदिर’ यांची तुलना कोणी करू नये. पण प्रेक्षकास धीट मानावे हे तत्त्व एकदा स्वीकारले, की ते प्रतिष्ठित कलाकृतीपुरते राखून ठेवता येत नाही.

याची कसोटी २०१५ मध्ये दिल्लीच्या वेशीवरच लागली. नवदीप सिंग यांचा ‘एनएच १०’ हा चित्रपट त्या वर्षी १३ मार्चला आला. दिल्लीहून रोहतक, हिसारमार्गे फाजिल्काकडे जाणाऱ्या महामार्गाचा हा जुना क्रमांक. गुडगावच्या काचेच्या इमारतींत नोकरी करणारे एक जोडपे या रस्त्यावर घराण्याच्या अब्रूपायी होणारी हत्या पाहते आणि मारेकरी त्यांच्या मागे लागतात. अखेर पत्नी एकटी उरते आणि हाती लोखंडी कांब घेते. साचा ‘स्लॅशर’चाच. २००८ च्या ‘ईडन लेक’ या इंग्लिश चित्रपटाशी असलेले त्याचे साम्यही जाणकारांनी दाखविले. पण येथे मुखवटा नव्हता. मारेकरी बळीचाच भाऊ होता आणि हरियाणातील अशा खऱ्या हत्यांच्या बातम्या प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांत वाचल्या होत्या. चित्रपटास केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. कोणास शेवटचा सूड खटकला, कोणास त्यातच समाधान वाटले. परंतु रात्री मोटारीने त्याच महानगरात घरी परतणाऱ्या स्त्रीला हे भय पडद्यावरून नव्याने शिकावे लागले नव्हते. ते तिने बरोबरच आणले होते. चित्रपटाने त्याला केवळ रूप दिले.

दिल्लीतील ते अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झाले आणि निर्माता थेट उच्च न्यायालयाच्या दारी आला. २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याच्या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. मुलाला जपावे, हे कोणासही मान्य व्हावे. त्यासाठी वयाची पायरी हे साधन कात्रीपेक्षा अधिक न्याय्य आहे. प्रश्न उरतो तो जाणत्या माणसाचा. त्याच्या हाती मतपत्रिका द्यावयाची, देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार द्यावयाचा, आणि रबरी मुखवट्याच्या सैतानापुढे मात्र त्याला अजाण समजावयाचे, ही विसंगती लोकशाहीस शोभणारी नाही.

१९२७ च्या ३५३ साक्षींत त्या प्रेक्षकाची साक्ष क्वचितच सापडते. ती सापडते १९७० च्या त्या अर्ध्या रिकाम्या चित्रपटगृहात, जेथे दोन भाऊ पडद्याकडे पाठ करून माणसांचे चेहरे वाचीत बसले होते. त्यांचा हेतू व्यापाराचा होता, हे खरे. पण प्रेक्षकाचे मत जाणण्यासाठी प्रथम त्याच्याकडे पाहावे लागते, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली होती.