१० ऑगस्ट : राक्षसभुवनची लढाई

१७६३ साली या दिवशी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामअलीचा पराभव केला. गोदावरीला पूर होता. निजाम पैलतीरी, तर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकला आणि मारला गेला. तलवारीइतकाच हा विजय मुत्सद्देगिरीचा, कारण निजामाला मिळालेले नागपूरकर जानोजी भोसले लढाईआधीच मुलुखाच्या बोलीवर परत वळवले होते. अशी विकतची मैत्री टिकत नाही, हा आक्षेप खरा. १७६६ मध्ये पेशव्यांनी याच निजामाला सोबत घेऊन जानोजींवर चाल केली. पण पानिपतात पोळलेली सत्ता सावरली ती कुणालाच कायमचा शत्रू न मानल्यामुळे. आज रशियाचे तेल आणि अमेरिकेशी संरक्षण करार एकाच वेळी सांभाळणाऱ्या भारताला म्हणूनच दुटप्पी म्हणता येत नाही.