सुई की गोळी?

१९२२ साली इन्शुलिन आले आणि मधुमेही मुले मरणाच्या दारातून परतू लागली. साठीतल्या रुग्णाची गोष्ट निराळी होती. त्याला मरण दिसत नव्हते. दिसत होती रोजची सुई. काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुईला दगडावर धार लावायची, मंदावलेल्या नजरेने सिरिंजवरच्या बारीक रेषा मोजायच्या. हात थरथरत असेल तर घरातल्या कुणाची मनधरणी. विशेष त्रास जाणवत नसताना हे सारे निमूटपणे किती जण करणार?

गोळीची वाट योगायोगाने सापडली. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वरावर दिलेल्या एका सल्फा औषधाने रुग्णांच्या रक्तातील साखर घसरली. (काही दगावलेही, हे सहसा सांगितले जात नाही.) त्याच कुळातील टॉल्ब्युटामाइडची गोळी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली. शरीरात थोडेफार इन्शुलिन बनत असेल तरच ती लागू पडे, आणि असे रुग्ण बहुधा प्रौढच. त्यांनी ती हसत स्वीकारली.

१९७० साली मात्र अमेरिकेतील एका दीर्घ चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले. निष्कर्षावर तज्ज्ञांचे वाद वर्षानुवर्षे चालले. बातमी वैद्यकीय नियतकालिकाआधी वृत्तपत्रांत झळकली, आणि घरोघरी गोळ्यांची बाटली हातात धरून बसलेली वृद्ध माणसे डॉक्टरांना फोन लावू लागली.