अंकीय शिल्पातील रूप आणि द्रव्य

संगणकाच्या साहाय्याने घडविलेल्या शिल्पाविषयी एक समज रूढ आहे. या कलेत रूप प्रथम संख्यांमध्ये सिद्ध होते. पुढे ते लाकडात उतरवावे, धातूत ओतावे की पडद्यावरच राहू द्यावे, हा केवळ सोयीचा प्रश्न होय, असा तो समज आहे. तो खरा असता तर या शिल्पाच्या अभ्यासकाला द्रव्याचा विचार करण्याचे प्रयोजनच उरले नसते. तथापि या प्रकारातील काही महत्त्वाच्या कृती बारकाईने पाहिल्या असता निराळेच चित्र दिसते.

आरंभीच्या कृतींपैकी एक म्हणजे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स सूरी (१९२२-२०२२) यांचे १९६८ मधील लाकडी शिल्प. बेसेल फलनाच्या आधारे त्यांनी एक तरंगित पृष्ठभाग सिद्ध केला. त्याचे निर्देशांक संगणकाने छिद्रित फितीवर उतरविले आणि त्या फितीच्या आज्ञेनुसार तीन अक्षांवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राने लाकूड कोरले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पृष्ठभाग पूर्ण गुळगुळीत करण्याची क्षमता त्या यंत्रात होती. परंतु हत्याराच्या मार्गाच्या खुणा तशाच राहू द्याव्यात, असे सूरींनी ठरविले. गणिताच्या सूत्रात या खुणा नाहीत. त्या लाकूड आणि पोलादी पाते यांच्या भेटीतून उत्पन्न झाल्या आहेत. रूप गणिताने दिले असले तरी कलावंताचा निर्णय आढळतो तो या खुणांत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पाथरवट कोरतो आणि कुंभार घडवितो, हा भेद आपल्या भाषेत जुनाच आहे. सूरींचे यंत्र पाथरवटाच्या जातीचे होते. १९८६ मध्ये चार्ल्स हल यांना ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तीत द्रवरूप रेझिन अतिनील प्रकाशाने थराथराने घट्ट केले जाते. ती अर्थातच कुंभाराच्या बाजूची. अंकीय शिल्पाचा विचार करताना या दोन वाटा एकच मानण्याची चूक वारंवार होते.

रॉबर्ट लाझारिनी यांच्या २००० मधील चार कवट्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात २००१ साली ‘बिटस्ट्रीम्स’ या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. खऱ्या मानवी कवटीचे लेसरद्वारे मापन करून तिचा आकार संगणकात तिरपा ताणलेला होता. हॉल्बाइनच्या १५३३ मधील ‘द अ‍ॅम्बॅसेडर्स’ या चित्रातील विकृत कवटी एका विशिष्ट बाजूने पाहिली की सरळ दिसते. लाझारिनींच्या कवट्यांभोवती प्रेक्षक तशीच जागा शोधीत फिरतो आणि त्याला ती सापडत नाही. मार्क हॅन्सन यांनी आपल्या २००४ मधील ग्रंथात या अनुभवातील प्रेक्षकाच्या देहाच्या प्रतिसादावर भर दिला आहे. तो रास्तच आहे. परंतु त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. या कवट्या रेझिनबरोबर अस्थिद्रव्य वापरून घडविल्या आहेत. त्या निव्वळ प्लास्टिकच्या असत्या, तर पडद्यावरची एक करामत म्हणून डोळ्याने त्या सोडून दिल्या असत्या. हाड समोर असल्यामुळे तसे करता येत नाही.

द्रव्याच्या निवडीला याहून गंभीर अर्थ २०१५ नंतर प्राप्त झाला. त्या वर्षी इराकमधील मोसुलच्या संग्रहालयातील प्राचीन मूर्ती आणि सीरियातील पाल्मिराची स्मारक-कमान यांचा ‘इस्लामिक स्टेट’च्या हस्तकांनी विध्वंस केला. एप्रिल २०१६ मध्ये त्या कमानीची लहान प्रतिकृती लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभी राहिली. छायाचित्रांवरून तिचा आराखडा तयार करून यंत्रांनी ती इजिप्शियन संगमरवरात कोरली होती. मूळ कमान चुनखडीच्या दगडाची होती. या गुळगुळीत संगमरवरात काळाचा मागमूसही नाही, आणि तरीही दगड असल्यामुळे जणू काही हरवलेच नाही असा आभास ती निर्माण करते. प्रस्तुत लेखकास हा आभास खटकतो.

इराणमध्ये जन्मलेल्या कलावती मोरेशीन अल्लाह्यारी यांनी त्याच सुमारास, २०१५-१६ मध्ये, हत्रा व निनेवे येथील बारा नष्ट वस्तूंची पुनर्रचना केली आणि नेमका उलट मार्ग धरला. उपलब्ध छायाचित्रे आणि तज्ज्ञांशी केलेला पत्रव्यवहार यांच्या आधाराने आकार जुळवीत जावे लागले. त्यानंतर त्यांनी ते पारदर्शक रेझिनमध्ये छापले. ही मूर्ती पाषाणाची असल्याचा बहाणा करीत नाही. आतून आरपार दिसणाऱ्या तिच्या देहात एक स्मृतिसंच बसविलेला आहे आणि त्यात मूळ वस्तूविषयी गोळा केलेली चित्रे, नकाशे व लेख साठविलेले आहेत. मूळ मूर्ती गेली आहे आणि उरले आहे ते केवळ तिच्याविषयीचे ज्ञान, हे सत्य येथे द्रव्यच बोलून दाखविते.

हत्राचा राजा उथल याच्या पुतळ्याची अंकीय प्रत अल्लाह्यारी यांनी २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती कोणीही उतरवून घ्यावी आणि हव्या त्या पदार्थात छापावी. संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘द्रव्य’ या रकान्यापुढे अशा कृतीसाठी काय लिहावे, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.